मदत हवी आहे: लिनक्स अपग्रेडनंतर लॅपटॉप सतत तापतोय

नमस्कार मंडळी,

गेल्या शनिवारी लॅपटॉपवरचं लिनक्स नव्या आवृत्तीवर नेलं आणि तेव्हापासून पंखा थांबायचं नाव घेत नाही. काहीही उघडलेलं नसताना 'सेन्सर्स' कमांड ८५ ते ९० अंश दाखवते. आधी ४५च्या आसपास असायचं. मांडीवर घेऊन बसवत नाही, डावीकडच्या कळा तर बोटांना चटका देतात.

कोणता प्रोग्रॅम प्रोसेसर किती वापरतोय ते दाखवणारी 'टॉप' कमांड लावून पाहिली. सगळ्यात वर 'ट्रॅकर-मायनर' आणि 'ट्रॅकर-एक्स्ट्रॅक्ट', प्रोसेसरचा एक कोअर जवळपास १०० टक्के व्यस्त. फायली शोधता याव्यात म्हणून हे मागे बसून त्यांची सूची करतात आणि अपग्रेडनंतर ती नव्याने होऊ शकते, एवढं कळलं. पण आज पाचवा दिवस आहे! माझ्याकडे आजोबांच्या मोडी कागदांच्या स्कॅनच्या सुमारे ४० जीबी पीडीएफ आहेत. त्यातल्याच एखाद्या बिघडलेल्या फायलीवर ते अडकून पुन्हा पुन्हा सुरू होत असेल, असा माझा दाट संशय आहे.

पंख्यातली धूळ काढली, दोन-तीन अंशांचाच फरक पडला.

तो फोल्डर सूचीतून वगळला तर बाकीचा शोध नीट चालेल ना? जुनी सूची पुसून पहिल्यापासून करायला लावली तर मूळ फायलींना धक्का लागणार नाही ना? आणि अडकलेली फाइल नेमकी कोणती, हे कुठल्या लॉगमध्ये दिसेल? कागद जीर्ण झालेत, पुन्हा स्कॅन होणार नाहीत आणि बॅकअप एकाच डिस्कवर आहे. म्हणून विचारल्याशिवाय हात लावायला भीती वाटते.