मदत हवी आहे : फुल बेंट (पूर्ण वाकड्या) पाइपांसाठी रॅक. सरळ पाइपांचाच बदलावा की नवा करावा?

तापीकाठ (जळगाव)
तंबाखूच्या पाइपांसाठी रॅक हवा आहे. जळगावात दुकानात 'पाइप स्टँड' मागितला की ठिबकचं सामान पुढे येतं, आणि ऑनलाइन दिसतात ते बहुतेक सरळ पाइपांचे. हाताशी सहा खणांचा एक सागवानी रॅक आहे. मापं अशी: खालच्या फळीतल्या वाट्या ३८ मिमी व्यासाच्या, ८ मिमी खोल. वरची पट्टी फळीपासून १०५ मिमीवर, तिच्या खाचा १२ मिमी रुंद. दोन वाट्यांत मध्य ते मध्य ५० मिमी.

पाइप सात: दोन हाफ बेंट (अर्धवट वाकडे), तीन फुल बेंट, एक सर्वांत वाकडा ऊम पॉल (हे सगळे ब्रायरच्या लाकडाचे) आणि एक कॅलबॅश (भोपळ्याचा). हाफ बेंट कसेबसे बसतात. फुल बेंटच्या बाउलचं (तंबाखू भरायच्या वाटीचं) तोंड मागे करून ठेवलं तर स्टेम (ओढायची नळी) पुढे वळतो आणि खाचेपर्यंत पोचत नाही. तोंड पुढे केलं तर स्टेम पट्टीच्या खालूनच मागे जातो आणि पाइप आडवा लोळतो. ऊम पॉल वाटीत टेकायलाच तयार नाही. पट्टी खाली आणू का? आणली तर किती?

सूत_इंच (धुळे)
पट्टी उपटू नका भाऊ. जुन्या रॅकात ती बहुधा सरसाने किंवा फेविकॉलने पक्की असते, ओढताना उभ्या फळीचा कपचा सोबत येतो. आहे तिथे हाफ बेंटसाठी राहू द्या आणि खाली दुसरी पट्टी घाला.

सरळ पाइपात खाच स्टेमला धरते. बेंटमध्ये त्या उंचीला स्टेम वळून निघून गेलेला असतो, म्हणून आधार शँकला, म्हणजे बाउलमधून निघणाऱ्या लाकडी दांड्याला द्यायचा. वजन जवळजवळ सगळं बाउलमध्ये असतं, शँक धरला की पाइप लोळत नाही. तोंड कायम पुढे ठेवा. स्टेम मागे वळेल, त्याच्यासाठी रॅक आणि भिंत यांत ५० मिमी सोडा, नाहीतर बिट (स्टेमचं तोंडात धरायचं टोक) चुन्याला घासत राहतं.

उंची अंदाजाने ठरवू नका. खोक्याच्या पुठ्ठ्यावर पाइप आडवा ठेवून पेन्सिलीने रेघ फिरवा आणि तो आकार कापून घ्या. पुठ्ठा वाटीत असा धरा की शँक उभा येईल. शँक आणि स्टेम जिथे मिळतात त्याच्या ५-६ मिमी खाली खूण करा. आधार सांध्यावर कधीच नको, पाइप उचलताना टेननवर (स्टेमच्या शँकमध्ये शिरणाऱ्या टोकावर) ताण येतो. फुल बेंटची खूण साधारण ५५ ते ६५ मिमीवर येईल. तिघांची वेगवेगळी आली तर सरासरी काढत बसू नका, सगळ्यात खालची घ्या. उंच पाइपाला त्या जागी शँक असतोच, बुटक्याला वरच्या खुणेवर नसतो.

आता पट्टी. वखारीतून सागाचा तुकडा आणा, ४४ मिमी रुंद, १२ मिमी जाड. लांबीच्या मधोमध रेघ मारून तिच्यावर ५०-५० मिमीवर २० मिमीची भोकं पाडा. खाली फालतू फळी घट्ट दाबलेली हवी, नाहीतर मागच्या बाजूचे कपचे उडतात. मग त्याच रेघेवर करवतीने चिरा. अर्धगोल खाचांच्या दोन सारख्या पट्ट्या निघतील, एक लावा, एक राखून ठेवा.

२० मिमी अशासाठी: शँक १५, दोन्ही बाजूंना २-२ मिमी फेल्ट (नमदा), १ मिमी मोकळीक. सुताराला 'पाऊण इंच' सांगू नका. ते १९ भरतं, फेल्ट लावल्यावर शँक फसतो. २० चं ड्रिलचं बिटच हातात द्या.

पट्टी इतकी मागे स्क्रू करा की खाचेचा तळ शँकला मागून टेकेल. मग फळीच्या पुढच्या कडेखाली एक सूत (साधारण ३ मिमी) जाडीची चीप लावा. रॅक जरासा मागे कलतो आणि पाइप आपोआप खाचेत रेलतात.

खरादकाम (शहादा)
वरचं फुल बेंटला चालेल. ऊम पॉलचा शँक बाउलला इतका चिकटून वर जातो की पट्टी मध्ये घालायला जागाच नसते. त्याला खुंटी. बाउल उलटा करून खुंटीवर घालायचा, मग वाकाचा प्रश्नच उरत नाही. चेंबर (बाउलची आतली पोकळी) बहुधा १९-२० मिमी असतं, खुंटी चार सूत म्हणजे साधारण साडेबारा मिमी ठेवा. उंची फळीच्या वर ८० मिमी: साधारण ४० चेंबरमध्ये जाते, उरलेली ४० खाली लोंबणाऱ्या स्टेमसाठी. बाजारातल्या खुंट्यांचे रॅक इथेच मार खातात, खुंटी आखूड असते आणि ऊम पॉलचं बिट फळीवर आपटतं. टोक गोल करून वर फेल्टची टोपी चिकटवा. लाटणी करणारा कोणताही खरादी हे काम करून देईल. फक्त लाकूड वाळलेलं हवं, ओलं असलं तर उन्हाळ्यात खुंटी आकसून भोकात हलायला लागते.

भुसावळ_४६
खुंटीला एक पुरवणी, नाहीतर पाइप कडू होईल. बाउल उलटा म्हणजे स्टेम खाली, आणि शँकमधला ओलावा सरळ बिटात उतरतो. आधी पाइप पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना स्टेम ओढलात तर टेनन मोडू शकतो किंवा शँकला चीर जाऊ शकते. मग आतून पाइप क्लीनर फिरवा, एक दिवस बाउल खाली आणि स्टेम वर असा ठेवा, तेव्हाच खुंटीवर. आतला कार्बनचा थर दीड मिमीच्या आत ठेवा, जाड झाला की खुंटी टेकून त्याचे पापुद्रे सुटतात.

जागेचंही बघा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि घरोघरी कूलर. रॅक कूलरच्या झोतात असेल तर ब्रायर रात्री ओल धरतं आणि दुपारी सुकतं, स्टेम आज घट्ट तर उद्या ढिला. व्हल्कनाइटचे (कडक रबराचे) स्टेम असतील तर खिडकीसमोर नकोच, उजेडाने ते हिरवट-तपकिरी पडतात आणि चवीला गंधकासारखे लागतात. पावसाळ्यात काचेच्या बंद कपाटात बुरशी धरते, दाराला वर-खाली दोन-दोन भोकं ठेवा. डांबराच्या गोळ्या त्या कपाटात चुकूनही नकोत, लाकूड तो वास सोडत नाही.

तापीकाठ (जळगाव)
मस्त भो! दोन गोष्टी राहिल्या. फुल बेंटचं बूड ८ मिमीच्या वाटीत गरगर फिरतं. आणि पॉलिश कोणतं करू?

सूत_इंच (धुळे)
तुमच्या गावात पीव्हीसीला काय तोटा! ४० मिमीच्या शेतीच्या पाइपाची २० मिमी उंच कडी कापा, कडा काच पेपरने मोडा, आतून फेल्ट लावून वाटीवर चिकटवा. आधार खोल झाला की फिरणं थांबतं. कडक पीव्हीसी चालतं. रेक्झिन किंवा मऊ प्लास्टिकचं अस्तर मात्र नको, उन्हाळ्यात ते चिकट होऊन बाउलच्या मेणाला धरतं.

पॉलिश चपड्याचं. मेलामाइनचा वास लवकर जात नाही. चपडा मात्र स्पिरिटमध्ये विरघळतो, तेव्हा पाइप स्पिरिटने साफ करायचे ते रॅकपासून लांब. थेंब पडला की पांढरा डाग. पॉलिशनंतर आठ-दहा दिवस रॅक मोकळा ठेवा, फेल्ट त्यानंतरच.

खरादकाम (शहादा)
कॅलबॅश या रॅकात कोंबू नका, खण पुरणार नाही. भिंतीला १८ मिमी जाड छोटी फळी ठोका आणि तिला पुढून उघडी यू खाच पाडा. वरच्या टोपीच्या (तंबाखू भरायच्या भागाच्या) लगेच खाली भोपळा जिथे सर्वांत रुंद आहे तिथे दोऱ्याने घेर मोजा, ३.१४ ने भागा, त्यात फेल्टचे ४ मिमी मिळवा. खाच तेवढी रुंद. भोपळा पुढून सरकवायचा, टोपीची कड फळीवर टेकते आणि स्टेम पुढे मोकळा राहतो. मीरशॉमची (पांढऱ्या मऊ खनिजाची) टोपी पाइप ओढून झाल्यावर गार झाली की हलकेच फिरवून काढा आणि वेगळी सुकू द्या. तिला खुंटी लावू नका, मीरशॉम मऊ असतं, आत ओरखडे जातात.