मुलांना नेपाळला इंटर्नशिपला पाठवायचंय, पण सहल व्हायला नको. काम काय द्यावं?

प्रश्न: सिव्हिल_यवतमाळ
आमच्या कॉलेजात बहुतेक मुलं पांढरकवडा, घाटंजी, राळेगावकडच्या खेड्यांतली आहेत. तिसऱ्या वर्षाच्या ८ जणांना नेपाळच्या तराईत, नवलपरासी भागात, ४ आठवडे पाठवायचा विचार आहे. तिथे हातपंपाच्या पाण्यात आर्सेनिक आहे. मुलांना स्वतः फिल्टर बनवून १०-१२ घरी बसवायचे आहेत. सामाजिक जबाबदारी वर्गात शिकवून अंगी लागत नाही, म्हणून हा खटाटोप. काम काय द्यावं, तयारी काय करून घ्यावी आणि गुण कसे द्यावेत?

उत्तर: पाणी_वर्धा
सर, नवे फिल्टर बसवू देऊ नका. चार आठवड्यांत बसवलेला फिल्टर पाचव्या आठवड्यात बिघडला तर तो कोणी पाहायचा? त्या भागात आधी वाटलेले कांचन फिल्टर (पाण्यातलं आर्सेनिक काढणारे घरगुती फिल्टर) आहेत. त्यातले चालू किती, बंद किती आणि का, हे शोधणं हेच काम द्या.

रचना साधी आहे. प्लास्टिकच्या टाकीत वर भोकं असलेलं भांडं, त्यात सुमारे ५ किलो लोखंडी खिळे, खिळ्यांवर विटांचे तुकडे. खाली बारीक वाळू, जाड वाळू, मग गिट्टी. खिळे गंजतात, गंजाला आर्सेनिक चिकटतं आणि तो गंज वाळूत अडकतो. म्हणूनच जस्त चढवलेले खिळे चालत नाहीत.

बिघाड बहुधा इथे असतात. विटा सरकल्या की बादलीच्या मारानं खिळ्यांत खड्डा पडतो आणि पाणी खिळ्यांना पुरेसं न लागताच खाली उतरतं. वाळू चोंदली की धार बारीक होते आणि घरच्या बाया पुन्हा हातपंपाचंच पाणी भरू लागतात. मूळ पाण्यात फॉस्फेट जास्त व लोह कमी असेल तर फिल्टर नीट असूनही आर्सेनिक पुरेसं निघत नाही. म्हणून प्रत्येक घरी फिल्टरमध्ये जाणारं आणि त्यातून निघणारं अशा दोन्ही पाण्याचे नमुने घ्यायचे. कागदी पट्टीच्या किटवर थांबू नका, काही नमुने प्रयोगशाळेत पडताळा.

आता खरा धडा. आर्सेनिकची नेपाळची मर्यादा, २००५ च्या मानकानुसार, ०.०५ मिलिग्रॅम प्रति लिटर, आपली ०.०१. एखाद्या घरी ०.०३ आलं तर घरच्यांना काय सांगायचं? 'पास' म्हणून निघून यायचं का? यावर मुलांना निघण्याआधीच लेखी भूमिका घ्यायला लावा. आकडा जिथल्या तिथे घरच्यांना सांगायचा, अहवालात दडवून आणायचा नाही.

उत्तर: परदेश_समन्वय
भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पण या वयाच्या मुलांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवंच, आधार चालत नाही. बऱ्याच मुलांचं मतदार कार्ड निघालेलं नसतं, आत्ताच अर्ज करायला लावा. जून ते सप्टेंबर टाळा, तराईत तेव्हा पावसाळा असतो आणि पूर येतात. भाषेची फार चिंता नको, तिथे हिंदी बऱ्यापैकी समजते.

उत्तर: फ्लोराइड_चंद्रपूर
पाणी_वर्धा यांच्याशी सहमत, पण एक टप्पा आधी हवा. ज्या मुलानं आपल्या गावचा बंद पडलेला फ्लोराइड काढायचा प्रकल्प पाहिला नाही, त्याला परदेशातलं पाणी तपासायला पाठवणं मला पटत नाही. यवतमाळ-चंद्रपुरात पाण्यात फ्लोराइड जास्त असलेली गावं आहेतच. निघण्याआधी दोन महिने तिथे काम द्या.

नागपूरच्या नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनं विकसित केलेली, पाण्यातलं फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत मुलांकडून करून घ्या. तुरटी, तिच्या साधारण विसाव्या भागाइतका चुना, आधी वेगानं आणि मग सावकाश ढवळणं, नंतर तासभर निवळू देणं. तुरटीचं प्रमाण पाण्याच्या अल्कतेवर ठरतं, म्हणून दर गावाची वेगळी जार टेस्ट, म्हणजे भांड्यांत वेगवेगळे डोस घालून योग्य तो शोधायचा. एका गावचा डोस दुसऱ्या गावी वापरला की घोळ होतो.

मोजणीतली फसगत ध्यानात ठेवा. तुरटीतून पाण्यात उरलेल्या अॅल्युमिनियममुळे स्पॅड्न्स या रंगावरून मोजायच्या पद्धतीत फ्लोराइड कमी दिसतं, आणि मुलं खूश होतात. प्रक्रियेनंतरचा नमुना टिसॅब (अॅल्युमिनियमनं धरलेलं फ्लोराइड मोकळं करणारं द्रावण) घालून फ्लोराइड इलेक्ट्रोडनं मोजा. फ्लोराइडची मर्यादा १.० मिलिग्रॅम प्रति लिटर, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. गाळ नाल्यात टाकू देऊ नका, काढलेलं फ्लोराइड त्यातच असतं.

कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी घरी कोणी भेटत नाही. सकाळी लवकर किंवा दिवेलागणीनंतर जा.

सिव्हिल_यवतमाळ
हे फार उपयोगी आहे, धन्यवाद. नवं बसवायचं रद्द. परत आल्यावर कांचन फिल्टर इथल्या गावांत लावता येईल का?

पाणी_वर्धा
फ्लोराइडसाठी नाही. गंज आर्सेनिक जसं धरतो तसं फ्लोराइड धरत नाही, त्यामुळे तो फिल्टर इथे खोटी खात्री देईल. इथे लावायची ती तपासणीची पद्धत: कोणतं यंत्र बंद आहे, कशामुळे, आणि दुरुस्तीचा खर्च कोण देणार.

गुणांबद्दल: १०० पैकी ३० इथल्या दोन महिन्यांना, ३० नेपाळच्या रोजच्या नोंदवहीला. उरलेले ४० राखून ठेवा. सहा महिन्यांनी मुलांनी आपल्याच गावच्या त्या प्रकल्पावर परत जाऊन पाणी मोजायचं, आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायचे आणि पाणीपुरवठा समितीची पोच आणायची. पोच नाही तर ४० नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगा.