फ्रेडरिक एव्हान्स : वास्तूच्या अंतर्भागाची छायाचित्रे आणि हलवलेल्या खुर्च्या

दगडीओटा
गेल्या पावसाळ्यात आमच्या आजोळच्या वाड्याचे माजघर कॅमेऱ्यात घेण्याचा बराच प्रयत्न केला. खिडकी पांढरीफटक येते आणि कोनाडे काळेठिक्कर. शेवटी तीन वेगवेगळी एक्स्पोजर संगणकावर एकत्र केली, तेव्हा सगळे दिसू लागले खरे, पण अंधारच नाहीसा झाल्यामुळे ते माजघर हॉटेलच्या जाहिरातीसारखे दिसू लागले. त्यानंतर फ्रेडरिक एव्हान्स यांनी घेतलेली इंग्लंडमधील कॅथीड्रलांची छायाचित्रे पाहण्यात आली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची ही कृष्णधवल चित्रे, आणि तरीही खांबामागच्या सावलीतसुद्धा दगडाचा पोत शिल्लक आहे. हे त्यांना कसे साधले? आणि दुसरी शंका अशी की, निगेटिव्हवर किंवा प्रिंटवर कसलाही हात फिरवायचा नाही असा आग्रह धरणारे हे गृहस्थ चित्रासाठी चर्चमधील खुर्च्या मात्र बाहेर काढायला लावत. मग त्यांच्या त्या शुद्धतेचा अर्थ काय?

शिसवी
पहिल्या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर जाणकार देतीलच, मी थोडे चरित्र सांगते, कारण ते कामाशी जोडलेले आहे. एव्हान्स (१८५३–१९४३) हे लंडनमधील पुस्तकविक्रेते होते. ऑब्रे बिअर्डस्ली हा तरुण चित्रकार त्यांच्या दुकानात नेहमी येत असे, आणि प्रकाशक डेंट यांच्याकडे त्याची शिफारस एव्हान्स यांनीच केली. छायाचित्रणाची सुरुवात त्यांनी सूक्ष्मदर्शकातून शिंपल्यांची चित्रे घेण्यापासून केली होती, आणि मला वाटते की घुमटी छताकडे पाहण्याची त्यांची नजर तिथेच घडली असावी (हा माझा तर्क आहे, पुरावा मागू नये). १८९६ साली, म्हणजे इंग्रज कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस यांच्या निधनाच्या वर्षी, त्यांनी मॉरिस यांच्या केल्म्सकॉट येथील घराची चित्रे घेतली. त्यांतील माळ्याच्या तुळयांची चित्रे आपण अवश्य पाहावीत, कारण वाड्याशी त्यांचे नाते कॅथीड्रलपेक्षा जवळचे आहे. १८९८ मध्ये दुकान सोडून ते पूर्णवेळ याच कामाला लागले. १९०३ साली अमेरिकन छायाचित्रकार स्टिग्लिट्झ यांनी आपल्या ‘कॅमेरा वर्क’ या नियतकालिकाच्या चौथ्या अंकात त्यांची चित्रे छापली, तेव्हा त्यांच्यावरचा लेख बर्नार्ड शॉ यांनी लिहिला होता.

काळाकपडा
मी स्वतः मोठ्या आकाराच्या कॅमेऱ्यावर काम करतो, म्हणून पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. उत्तराचा मोठा भाग कॅमेऱ्यात नसून कागदात आहे. एव्हान्स प्लॅटिनम प्रिंट काढत. नेहमीच्या चांदीच्या कागदावर प्रतिमा वरच्या जिलेटिनच्या थरात असते, तर प्लॅटिनममध्ये धातू कागदाच्या तंतूंतच बसतो, त्यामुळे पृष्ठभागाला चमक नसते आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या छटांची उतरंड फार लांब व सावकाश असते. आपल्याला कोनाड्यात जे हवे आहे, ते या सावकाशपणात आहे. अर्थात निगेटिव्हमध्ये सावलीचा तपशील आधी उतरलेला असावा लागतो, आणि त्यासाठी लेन्सचे छिद्र बारीक ठेवून अनेक मिनिटांचे एक्स्पोजर द्यावे लागे. तेवढ्या वेळात मधून चालत गेलेला माणूस चित्रात उमटतही नाही. त्या काळचे निगेटिव्ह काचेच्या प्लेटवर असे; खिडकीचा उजेड त्या काचेच्या मागल्या बाजूवरून परत उसळून कडेला धुके धरतो, म्हणून प्लेटच्या पाठीला गडद लेप देत. शिवाय अशा कॅमेऱ्यात लेन्स वर सरकवता येते. कॅमेरा वर न वाकवता उंच छत चौकटीत येते आणि खांब एकमेकांकडे कलत नाहीत. प्रिंट निगेटिव्हच्याच आकाराचे निघे, कारण ते कागदावर निगेटिव्ह टेकवून काढलेले असे.

पण हे सगळे त्यांच्या समकालीनांकडेही होते. फरक वेळेचा आहे. एव्हान्स एकेका कॅथीड्रलच्या गावी कित्येक दिवस मुक्काम करीत आणि कोणत्या घटकेला कोणत्या कमानीत उजेड येतो हे आधी पाहून ठेवीत. आपण माजघरात किती वाजता गेला होता, हे आपण लिहिलेले नाही.

सातासमुद्रापार
माझे वास्तव्य ब्रिस्टॉलला असल्याने वेल्स हे इंग्लंडमधील कॅथीड्रलचे गाव (वेल्स प्रांत नव्हे) तासाभराच्या अंतरावर आहे. १९०३ सालचे एव्हान्स यांचे ‘पायऱ्यांचा समुद्र’ हे चित्र जिथे घेतले, त्या तिथल्या कॅथीड्रलमधील जिन्यावर मी दोनदा उभा राहिलो आहे. जिना वर जाताना दुभंगतो : उजवीकडची वाट चौदाव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झालेल्या अष्टकोनी सभागृहाकडे वळते आणि सरळ वाट पंधराव्या शतकातील पुलाकडे जाते. मधोमध झिजून खोलगट झालेल्या पायऱ्या उजवीकडे पसरताना खरोखरच लाटेसारख्या दिसतात. मात्र प्रत्यक्ष जागा चित्रातल्यापेक्षा पुष्कळ लहान आहे, याचा पहिल्या भेटीत मला जरा रागच आला.

दगडीओटा
काळाकपडा, आपण बरोबर ओळखलेत, मी भर दुपारी गेलो होतो. खुर्च्यांचे मात्र अजून कोणी सांगितले नाही.

काळाकपडा
माझे मत असे आहे की एव्हान्स यांची शुद्धता बटण दाबल्यानंतर सुरू होते. त्याआधी जागा आवरणे, उजेडाची वाट पाहणे, तिवई इंचभर सरकवणे हे सगळे त्यांना मान्य होते. पुढे निगेटिव्हवर पेन्सिल चालवणे मान्य नव्हते. शिवाय मध्ययुगीन चर्चच्या मुख्य दालनात बहुतांशी बसण्याची सोय नसे, म्हणून खुर्च्या हलवल्याने जागा जुन्या रूपाच्या जवळच जाते, असेही म्हणता येईल. पायऱ्यांची झीज त्यांनी लपवली नाही, हेही पाहावे.

एक गोष्ट राहिली. पहिल्या महायुद्धाच्या काळात प्लॅटिनम युद्धसाहित्याच्या कारखान्यांकडे वळले, कागद अतोनात महागला आणि पुढे मिळेनासा झाला, तेव्हा एव्हान्स यांनी चांदीच्या कागदाकडे न वळता हे काम जवळजवळ थांबवले. त्यानंतर ते पंचवीसहून अधिक वर्षे जगले.

शिसवी
जागा जुन्या रूपाजवळ जाते हे चर्चपुरते पटते, राहत्या घराबद्दल पटत नाही. माजघरातली उतरंड, खुंटीवरची पिशवी, भिंतीवरचे मागच्या वर्षीचे कॅलेंडर हे काढले तर उरते ते सुताराचे काम. केल्म्सकॉटचा माळा रिकामाच होता, म्हणून तिथे हा प्रश्न उद्भवला नाही. दगडीओटा, कॅलेंडर राहू द्यावे आणि सकाळी लवकर जावे.