शब्दचर्चा: मिठाच्या पाण्यात नक्की काय आकसतं?

पानदेठ
अकरावीच्या जीवशास्त्राच्या एका प्रात्यक्षिकाची सूचनापत्रिका मराठीत करते आहे. प्रयोग नेहमीचाच: रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाच्या खालच्या जांभळ्या बाजूची साल काढायची, काचपट्टीवर ठेवून ५ टक्के मिठाचं द्रावण घालायचं आणि सूक्ष्मदर्शकातून बघायचं. 'पेशी प्लाझमोलाइझ होतात' या अर्थाच्या वाक्याला मी 'पेशी आकसतात' असं लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'पेशींचे रसद्रव्यकुंचन होते' केलं. पाठ्यपुस्तकातली संज्ञा तीच आहे, मान्य. पण मुलांनी डोळ्यांनी बघून वहीत लिहायचं आहे, त्यासाठी क्रियापद हवं. 'आकसणे' चूक आहे का? असेल तर दुसरं काय लिहावं?

काचपट्टी
चूक आहे, आणि ती शब्दाची नाही, कर्त्याची आहे. शंभरपट मोठं करून बघा. पेशींच्या चौकटी जिथल्या तिथे राहतात. आतला जांभळा भाग आधी कोपऱ्यांतून मागे सरतो, मग कडांपासून सुटतो, आणि पाचेक मिनिटांत चौकटीच्या मध्ये त्याचा गोळा होऊन बसतो. आकसलं ते रसद्रव्य, म्हणजे पेशीतला जिवंत ऐवज, आणि त्याच्या आतली रिक्तिका, म्हणजे रसाची पिशवी. पेशीभित्तिका, म्हणजे बाहेरची भिंत, फारशी हललेलीही नाही.

याचा परिणाम परीक्षेत दिसतो. 'भित्तिका आणि आकसलेला गोळा यांच्या मधल्या जागेत काय असतं?' असं विचारलं की उत्तर येतं 'पोकळी' किंवा 'हवा'. तिथे असतं बाहेरचं मिठाचं पाणी. भित्तिका पाणी आणि मीठ दोन्ही आत येऊ देते, मिठाला अडवतं ते प्रद्रव्यपटल, म्हणजे रसद्रव्याभोवतीचा पातळ पडदा. 'पेशी आकसते' असं एकदा लिहिलं की मधली जागाच उरत नाही, मग तिथे काय आहे हा प्रश्न तरी कसा पडणार?

मूळधातू
मग 'कुंचन' हा शब्दही अपुराच म्हणायला हवा. डच वनस्पतिशास्त्रज्ञ ह्युगो द व्ह्रीस यांनी १८७७ साली 'प्लाझमोलिसिस' ही संज्ञा रूढ केली, तेव्हा उत्तरपदाला ग्रीक 'लिसिस' घेतलं. त्याचा मूळ अर्थ सैल होणं, सुटणं, बांधलेलं मोकळं होणं. म्हणजे नाव देणाऱ्याला महत्त्वाचं वाटलं ते भिंतीपासून सुटणं. आपण भाषांतर केलं आकसण्याचं. हाच 'लिसिस' लायसोसोम या पेशीतल्या पचन करणाऱ्या अंगकाच्या नावात आहे, तिथे मराठीने 'लय' घेऊन 'लयकारिका' असा नेटका शब्द केला. इथेही तसं करता आलं असतं. माझी सूचना: संज्ञा 'रसद्रव्यविलगन', क्रियापद 'सुटणे'. 'रसद्रव्य भित्तिकेपासून सुटते.' यात कर्ताही बरोबर येतो.

वाफसा
'सुटणे' स्वयंपाकघराने आधीच घेतलंय. काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं. कैरीच्या फोडींना सुटतं. तीच क्रिया, तेच परासरण, म्हणजे पटलातून पाण्याचं तीव्र द्रावणाकडे जाणं, पण तिथे सुटतं ते पाणी. आता मुलांना सांगायचं की मीठ घातल्यावर रसद्रव्य सुटतं, तर निम्मी मुलं रसद्रव्य पेशीबाहेर आलं असं समजतील.

आणि नवीन संज्ञा कशाला? 'रसद्रव्यकुंचन' वर्षानुवर्षं पुस्तकांत आहे, प्रश्नपत्रिकेतही तेच येणार. 'विलगन' शिकून गेलेल्या मुलाला तो प्रश्न ओळखता येणार नाही.

मूळधातू
रूढ आहे म्हणून बरोबर, या न्यायाने 'हवा' हे उत्तरही बरोबर धरावं लागेल, तेही वर्षानुवर्षं रूढ आहे. संज्ञेतच दृश्य असेल तर पाठांतर कमी लागतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

तळटीप
दोघांच्या मध्ये एक शंका. कोमेजलेल्या पानात हेच घडतं ना? मग 'पेशी कोमेजतात' म्हटलं तर? शब्द घरचा आहे.

काचपट्टी
नाही, आणि हा घोटाळा पदवीच्या पुस्तकांपर्यंत पोचलेला आहे, म्हणून जरा सविस्तर.

उन्हात पान कोमेजतं तेव्हा पेशीच्या बाहेर द्रावण नसतं, हवा असते. भित्तिकेची छिद्रं अतिसूक्ष्म आणि ओली असतात. त्या पाण्याच्या पृष्ठताणामुळे हवा आत शिरू शकत नाही. मधली जागा भरायला काहीच मिळत नाही, म्हणून पटल भित्तिकेपासून सुटत नाही. उलट ते भित्तिकेलाच आत ओढतं आणि अख्खी पेशी चुरगळते. याला सायटोऱ्हायसिस असं वेगळं नाव आहे. म्हणजे पानदेठ यांचं 'पेशी आकसते' हे वाक्य कोमेजलेल्या पानाला बरोबर लागू पडतं, मिठाच्या पाण्यातल्या सालीला नाही.

तिसरी गोष्ट रक्तपेशीची. तिला भित्तिकाच नाही. ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात ती जशीच्या तशी राहते, कारण ते द्रावण तिला समपरासारी, म्हणजे आतल्याइतक्याच तीव्रतेचं आहे. त्याहून बऱ्याच तीव्र द्रावणात ती आकसते आणि कडा दंतुर होतात. ऊर्ध्वपातित पाण्यात टाकली की फुगून फुटते. वनस्पतीची पेशी त्याच पाण्यात फक्त ताठ होते, भित्तिका तिला फुटू देत नाही. तीन जागी तीन वेगळी क्रियापदं लागतात, एकाने भागणार नाही.

मूळधातू
त्या ताठ होण्याला 'आशून' हा शब्द आहे. श्वि म्हणजे फुगणे, त्यापासून शून म्हणजे फुगलेला. गंमत अशी की 'शून्य'ची व्युत्पत्तीही याच 'शून'पासून सांगतात: फुगलेलं, म्हणून आतून पोकळ.

वाफसा
आणि म्हणूनच तो शब्द टिकला नाही. 'आशून' वाचल्यावर वाचणाऱ्याला शून्य आठवतं, रिकामं आठवतं. नेमका उलटा अर्थ. 'ताठर' म्हणा, 'टचटचीत' म्हणा. भाजी निवडणाऱ्या कोणालाही कळेल.

तळटीप
'पेशी' या शब्दाबद्दलही बोलायला हवं, कारण हिंदीतून मराठीत काम करताना हाच शब्द सगळ्यात जास्त फसवतो. हिंदीत पेशी म्हणजे आपला स्नायू, आणि आपल्या पेशीला ते कोशिका म्हणतात. हिंदीत शरीरशास्त्रात 'स्नायु' आला तर तो बहुधा अस्थिबंध, म्हणजे हाडं जोडणारा बंध निघतो. 'हृदय की पेशियाँ' याचं 'हृदयाच्या पेशी' असं भाषांतर छापून येतं, वाक्य व्याकरणाने निर्दोष असतं आणि अर्थ गेलेला असतो.

मूळधातू
हिंदीची बाजू परंपरेला धरून आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानात ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजले आहेत, तिथे पेशी म्हणजे मांसाचा स्वतंत्र भाग आणि स्नायू म्हणजे बांधणारा तंतू. मराठीने दोन्ही शब्द सरकवले. आणि कोशिका फक्त हिंदीची नाही. मराठी विश्वकोशाने सेलसाठी 'कोशिका' आणि टिश्यूसाठी 'ऊतक' वापरले आहेत. तोच विश्वकोश परासरणाला 'तर्षण' म्हणतो. तृष् म्हणजे तहान लागणे. तीव्र द्रावण पाणी ओढतं याला तहानेहून नेमका शब्द मला सुचत नाही. 'परासरण' म्हणजे नुसतं पलीकडे सरकणं.

काचपट्टी
'तर्षण' सुंदर आहे, पण पाण्याला ढकलणारं काय आणि ओढणारं काय, यावर जुना वाद आहे. ग्रीक 'ऑस्मॉस'चा अर्थ धक्का, म्हणजे इंग्रजी शब्द ढकलण्याच्या बाजूला. 'परासरण' कोणाचीच बाजू घेत नाही, ते मला बरं वाटतं. शिवाय अंतःपरासरण आणि बहिःपरासरण ही जोडी फ्रेंच शास्त्रज्ञ द्युत्रोशे यांनी एकोणिसाव्या शतकात केलेल्या जोडीशी तंतोतंत जुळते. मनुका पाण्यात फुगते ते अंतःपरासरण, तीच फुगलेली मनुका दाट पाकात टाका, बहिःपरासरण. 'तर्षणा'ला अंतः आणि बहिः लावून बघा, तहान आतली का बाहेरची हे कळत नाही.

वाफसा
हिंदीचा विषय निघालाच आहे तर 'क्षार' घ्या. हिंदीत क्षार म्हणजे अल्कली, मिठाला ते लवण म्हणतात. मराठीत क्षार म्हणजे मीठवर्गातली संयुगं, आणि हिंदी क्षाराच्या जागी आपण अल्क किंवा आम्लारी म्हणतो. शेतीच्या पत्रकात ही गल्लत झाली तर नुकसान होतं. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात क्षारपड आणि चोपण असे दोन वेगळे शब्द आहेत. क्षारपड म्हणजे विरघळलेले क्षार जास्त, विद्युतवाहकता मीटरला ४ डेसिसायमनच्या वर. चोपण म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम जास्त, १५ टक्क्यांच्या वर, आणि सामू (पीएच) ८.५ च्या पुढे. क्षारपडीला चर काढून निचरा आणि भरपूर पाण्याने क्षार धुऊन काढणं, चोपणाला त्याआधी जिप्सम. हिंदी 'क्षारीय मृदा' म्हणजे चोपण. ती 'क्षारपड जमीन' म्हणून छापली तर जिप्सम भलत्याच शेतात जाईल.

मूळ प्रश्नाशी याचा संबंध आहे. क्षारपड जमिनीत पाणी दिसत असतं, तरी ऊस मलूल पडतो, कारण मातीतल्या पाण्याची तीव्रता मुळांच्या पेशींच्या बरोबरीला आलेली असते. शेतकरी म्हणतो 'पीक जळालं'. युरिया बुंध्याशी जास्त पडला तरी 'जळालं'च म्हणतो.

तळटीप
लोणच्याचा 'खार' याच 'क्षारा'वरून आला. म्हणजे मीठ हा अर्थ मराठीत पुस्तकांतून आलेला नाही, बरणीत आधीपासून होता.

पानदेठ
सगळ्यांचे आभार, कर्ता बदलते. पण अडचण संपलेली नाही. पत्रिकेत एक तक्ताही आहे. द्रावणांची मालिका करायची, प्रत्येकात ५० पेशी मोजायच्या आणि निम्म्या पेशींत बदल दिसेल ते द्रावण पेशीरसाच्या जवळपास तीव्रतेचं धरायचं. त्या रकान्याला मथळा हवा. तिथे कर्ता पेशीच आहे, कारण मोजायच्या पेशी आहेत. 'सुटलेल्या पेशी' लिहिलं तर साल फाटून पेशी सुट्या झाल्यासारखं वाटतं. 'विलग पेशी'चंही तेच.

मूळधातू
'रसद्रव्य सुटलेल्या पेशी'.

वाफसा
'रसद्रव्यकुंचित पेशी'. रकान्यात मावतं.

काचपट्टी
मथळा कोणताही घ्या, खाली एक ओळ जरूर द्या: 'रसद्रव्य निदान एका कोपऱ्यात भित्तिकेपासून सुटलेले दिसले तर ती पेशी मोजावी.' नाहीतर एक मूल पूर्ण गोळा झालेल्याच पेशी मोजेल आणि दुसरं सगळ्या, मग दोघांच्या आकड्यांचा मेळ बसणार नाही.

मालिका मिठाची आहे की साखरेची? पत्रिकेत स्पष्ट लिहा. ५ टक्के मीठ संपलं म्हणून कोणी ५ टक्के साखर घेतली तर काहीच दिसणार नाही. १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम मीठ म्हणजे सुमारे ०.८६ मोलर, आणि मिठाचे आयन सुटे होतात म्हणून कण त्याच्या दुप्पट. ५ ग्रॅम साखर म्हणजे जेमतेम ०.१५ मोलर. कणांत अकरा-बारा पटींचा फरक पडतो.

रिओ मिळाला नाही तर लाल कांद्याच्या पाकळीची बाहेरची, रंगीत बाजूची साल चालते. आतली पांढरी साल सहज निघते म्हणून मुलं तीच घेतात आणि दिसावी म्हणून आयोडिन घालतात. आयोडिनने पेशी मरते, पटलाची निवडक्षमता जाते, मग मीठ कितीही घाला. मोजणी झाली की टिपकागदाने मिठाचं पाणी एका कडेने शोषून दुसऱ्या कडेने साधं पाणी सोडायला सांगा. रंग पुन्हा कडांपर्यंत पसरला तर पेशी जिवंत होती. मिठात फार वेळ राहिलेली पेशी परत येत नाही, तिचा रंग बाहेर झिरपतो.

तळटीप
या परत येण्याला मराठीत काय म्हणायचं?

मूळधातू
'प्रतिविलगन', जर 'विलगन' मान्य असेल तर.

वाफसा
नाही, मान्य नाही. 'पुन्हा ताठ होणे' पुरे.