लिंक्ड लिस्टचा हेड फंक्शनमधून बदलायचाय: रिटर्न करू की डबल पॉइंटर घेऊ?

शिकाऊ_नोड
सी शिकतोय. लिस्टच्या सुरुवातीला नोड जोडायचं फंक्शन लिहिलंय. मेनमध्ये हेड (लिस्टच्या पहिल्या नोडचा पत्ता धरणारा पॉइंटर) नल, म्हणजे रिकामा आहे, तोच पॉइंटर फंक्शनला देतो. आत मॅलॉकने नोडसाठी मेमरी घेतो, नोड भरतो, आतल्या प्रिंटएफमध्ये आकडाही दिसतो. बाहेर आलं की हेड पुन्हा नलच! पॉइंटर पाठवला की मूळ बदलतं असं सगळीकडे वाचलं होतं. आता दोन उपाय दिसतायत: नवा हेड रिटर्न करायचा, नाहीतर डबल पॉइंटर (पॉइंटरचाच पत्ता धरणारा पॉइंटर) घ्यायचा. सवय कोणती लावून घेऊ?

अर्धविराम
सीमध्ये फंक्शनला जे जातं ते कॉपी होऊनच जातं, पॉइंटरसुद्धा. त्या पत्त्यावर जाऊन *पी = ७ केलंत तर बाहेर दिसणार, कारण पत्ता दोघांकडे एकच. पण पी = मॅलॉक(...) केलंत की फक्त आतल्या कॉपीत नवा पत्ता आला, मेनमधल्या हेडला त्याची खबरही नाही. वर फंक्शन संपल्यावर त्या नोडपर्यंत पोचायला वाटच उरत नाही.

जे बदलायचंय त्याचा पत्ता पाठवा. इथे पॉइंटरच बदलायचाय, म्हणून जोड(&हेड, ५) आणि आत *हेड = नवा. माझं मत डबल पॉइंटरला. हेड = जोड(हेड, ५) मधलं 'हेड =' लिहायचं राहिलं तर कंपायलर सहसा हूं की चूं करत नाही.

काठावरचा_बिट
मी उलट सांगेन. नवीन असताना रिटर्नच बरं, ओळ वाचताक्षणी कळतं की हेड बदलतोय. घेतलेल्या मेमरीचा आकार बदलणारं रीअलॉकही नवा पत्ता रिटर्नच करतं. फक्त पी = रीअलॉक(पी, ...) असं थेट लिहू नका. मेमरी मिळाली नाही तर नल येतं, जुना ब्लॉक तसाच राहतो आणि त्याचा पत्ता तुम्हीच पुसलेला असतो. आधी दुसऱ्या पॉइंटरमध्ये घ्या, तपासा, मग पी मध्ये टाका.

अर्धविराम
म्हणजे माझाच मुद्दा झाला की! डबल पॉइंटर घेतला तर रिटर्न व्हॅल्यू एरर कळवायला मोकळी राहते. आणि खरी मजा नोड काढताना आहे. नोड **पीपी = &हेड ने सुरुवात करा, नको असलेला नोड सापडेपर्यंत पीपी = &(*पीपी)->पुढचा करत जा (वाटेत *पीपी नल झाला की थांबा). सापडला की तो टेम्पमध्ये धरा, *पीपी = टेम्प->पुढचा, फ्री(टेम्प). पहिला नोड असो की मधला, वेगळा इफ लागत नाही.

शिकाऊ_नोड
हे कागदावर चौकोन काढल्याशिवाय पचणार नाही. पण मग ॲरे पाठवताना & न लावताही मूळ कसा बदलतो?

रात्रपाळी
कारण ॲरे जातच नाही, पहिल्या घटकाचा पत्ता जातो. पॅरामीटरमध्ये इंट ए[१०] लिहिलंत तरी कंपायलर त्याला इंट *ए च समजतो. म्हणून आत साइझऑफ(ए) विचारलं तर पॉइंटरचा आकार मिळतो, ६४-बिट मशीनवर सहसा ८. लांबी वेगळी पाठवा. नुसतं वाचायचं असेल तर कॉन्स्ट लावा, चुकून लिहायला गेलात तर कंपाइलच होणार नाही.

वरच्या वादात मी पडत नाही, दोन्ही चालतात. पण वॉर्निंग सगळ्या चालू ठेवा आणि प्रोग्रॅम व्हॅलग्राइंडखाली (मेमरीच्या चुका दाखवणारं टूल) चालवून बघा.

शिकाऊ_नोड
जुनाच कोड व्हॅलग्राइंडखाली चालवला. 'डेफिनिटली लॉस्ट' म्हणून १६ बाइट दाखवतोय. नोडमध्ये एक इंट आणि एक पॉइंटर एवढंच आहे, मग १२ का नाहीत?

रात्रपाळी
इंटचे ४, पॉइंटरचे ८, आणि मधले ४ पॅडिंगचे, म्हणजे रिकामी सोडलेली जागा, पॉइंटर ८ च्या पटीतल्या पत्त्यावर बसावा म्हणून. हरवलेला नोड तोच.

शिकाऊ_नोड
बरं. जोडायला सध्या रिटर्न ठेवतो, काढायचं फंक्शन डबल पॉइंटरने लिहून बघतो.