मदत हवी आहे: 'प्रवृत्ती' शब्द चांगल्या अर्थाने वापरता येतो का?

मंडळी, एका शब्दावर दोन दिवस अडकलोय. लहान मुलांसाठी प्राण्यांवर छोटासा लेख लिहितोय, त्यात टाकलं की 'जाळं विणणं ही कोळ्याची प्रवृत्ती आहे'. बायकोने वाचलं आणि म्हणाली, का हो, कोळ्याने काही गुन्हा केलाय का? तेव्हापासून मलाही तसंच ऐकू येतंय, गुन्हेगारी प्रवृत्ती, विकृत प्रवृत्ती, समाजविघातक प्रवृत्ती, बातम्यांत हा शब्द एकटा येतच नाही, काहीतरी वाईट सोबत घेऊनच येतो.

मुळात तसं नाहीये ना पण? प्र आणि वृत् धातू, म्हणजे एखाद्या गोष्टीकडे वळणं, तिला लागणं, आणि उलट निवृत्ती. गीतेच्या १६व्या अध्यायात दोन्ही जोडीने येतात, तिथे प्रवृत्ती म्हणजे काय करावं ते.

बाकीचे शब्द लावून बघितले. 'कल' म्हटलं की आवड वाटते, आज चित्रकलेकडे उद्या गाण्याकडे, कोळ्याचं तसं नसतं. 'कोळ्याची प्रकृती' म्हणजे तर तब्येत विचारल्यासारखंच. 'स्वभाव' जवळचा, पण स्वभाव म्हटलं की रागीट-शांत असलं काहीतरी डोक्यात येतं. मानसशास्त्राच्या पुस्तकांत 'सहजप्रवृत्ती' असतं ते अचूक आहे, पण आठ वर्षांच्या पोराला जड नाही का होणार? आणि हो, बाळाच्या तळहाताला बोट लावलं की ते मूठ आवळतं ती प्रतिक्षिप्त क्रिया, तिला सहजप्रवृत्ती म्हणू नका, ते मला माहितीये :)

अजून एक, शेवटी 'त्ती' दीर्घ पण 'प्रवृत्तिमार्ग' ह्रस्व, बरोबर ना?

प्रतिसाद १: ह्रस्व-दीर्घ बरोबर. संस्कृतातून आलेला इकारान्त शब्द समासात आधी आला की ह्रस्वच राहतो, निवृत्तिवेतन तसंच. आणि प्रवृत्ती मुळातच वाईट असती तर 'अपप्रवृत्ती' असा वेगळा शब्द कशाला काढावा लागला असता? रंग विशेषणाचा आहे, नुसत्या शब्दाचा नाही.

प्रतिसाद २: शब्द शोधत बसू नका, वाक्यच मोडा. 'कोळ्याला जाळं विणायला कुणी शिकवत नाही, ते त्याला उपजतच येतं.' झालं.

धागाकर्ता: अपप्रवृत्तीचं डोक्यातच आलं नव्हतं! बायकोला दाखवलं, ती म्हणतेय मुद्दा मान्य पण लेखात 'उपजत'च घाल. घालतो. 'सहजप्रवृत्ती' शेवटच्या परिच्छेदात एकदाच येईल, तोवर कोळ्याचं जाळं विणून झालेलं असेल.