शब्दचर्चा: ‘एक्सेप्शन’ला ‘अपवाद’ म्हणावं का?

प्रोग्रामिंगवर मराठीत टिपण लिहितोय. ‘एक्सेप्शन’साठी, म्हणजे प्रोग्राम चालताना मधेच काही अडलं की उठणाऱ्या इशाऱ्यासाठी, ‘अपवाद’ लिहिलं आणि अडलो. अपवाद नियमाला असतो, बिघाडाला नाही. त्यात ‘लोकापवाद’ (लोकनिंदा) आठवला की अर्थ भलतीकडेच जातो. दुसरा शब्द सुचतो का?

— ‘अपवाद’च ठेवा. व्याकरणातली उत्सर्ग-अपवाद जोडी बघा. इति + आदि = इत्यादि, हा उत्सर्ग, म्हणजे सामान्य नियम: पुढे स्वर आला की ‘इ’चा ‘य’. पण रवि + इंद्र म्हटलं की दोन्ही स्वर सजातीय, म्हणून रवींद्र. पाणिनीकडे अपवाद म्हणजे नियमभंग नव्हे. त्या जागेपुरता तो सामान्य नियमाला हटवतो. कॅच ब्लॉक, म्हणजे एक्सेप्शन आलं की चालणारा कोडचा तुकडा, वेगळं काय करतो?

— नाही पटलं. पुढचा स्वर बघून नियम निवडायचा, हे तर ‘इफ’चं, म्हणजे आधी अट तपासण्याचं काम! एक्सेप्शनमध्ये जिथे गाडं अडतं त्या फंक्शनला (प्रोग्रामच्या तुकड्याला) पुढे काय करायचं हेच ठाऊक नसतं, म्हणून ते एक्सेप्शन वर, आपल्याला बोलावणाऱ्या कोडकडे फेकतं. मी ‘इफ’ला खबरदारी म्हणतो आणि ट्राय-कॅचला (आधी करून बघायचं, एक्सेप्शन आलं तर सांभाळायचं) निस्तरणं. वयाच्या रकान्यात कुणी ‘पंचवीस’ असं अक्षरी लिहिलं, तर ती रोजची गोष्ट, खबरदारी पुरते. फाइलचं तसं नाही. आहे का विचारलं, आहे म्हणाली, आणि उघडेपर्यंत दुसऱ्याच प्रोग्रामने ती पुसली. तिथे निस्तरावंच लागतं.

— पायथन भाषेत फॉर लूप (यादीतल्या एकेका गोष्टीवर तेच काम करणारी रचना) संपल्याचं आतून स्टॉप-इटरेशन या एक्सेप्शननेच कळतं. यादी संपणं हा कसला अपवाद! उलट गो भाषेत फाइल उघडली नाही तरी एरर फंक्शनच्या साध्या उत्तरासारखा परत येतो, आणि मग जिथे तिथे ‘इफ’.

— थ्रो-कॅचला ‘फेकणे-झेलणे’ घ्या. ‘पकडणे’ म्हटलं की चोर डोळ्यांपुढे येतो. रिकाम्या कॅच ब्लॉकला ‘गिळणे’. आणि झेलणं म्हणजे निस्तरणं नव्हे हं. 4 जून 1996 ला एरियन 5 रॉकेटमध्ये 64 बिटांची संख्या 16 बिटांत मावली नाही. त्या रूपांतराला खबरदारी नव्हती, आणि एक्सेप्शन आलं की दिशादर्शक संगणकाने बंद व्हायचं, असं ठरलेलंच होतं. मुख्य आणि राखीव, दोन्ही बंद पडले. रॉकेट सुमारे 40 सेकंदांत गेलं.

— ‘निस्तरणे’ उचलतोय. शीर्षकात ‘अपवाद’, आत सगळीकडे ‘एक्सेप्शन’. पण ते ‘आलं’ की ‘आला’?

— आलं. एरर मात्र आला.